मोठ्या तलावावर दोन दिवस कयाकने: बोट कोणती, वारा कसा ओळखायचा, उलटल्यावर काय करायचे

प्रश्न थोडक्यात असा: चौघे मित्र, पोहता सगळ्यांना येते, कयाक एकदोनदाच चालवलेली. डोंगरांनी वेढलेल्या मोठ्या तलावावर सकाळी निघायचे, पलीकडच्या काठावर तंबू टाकायचा, दुसऱ्या दिवशी परतायचे. बोट कोणती घ्यावी, आधी काय शिकावे आणि किती अंतर झेपेल?

बोट ठरवण्याआधी एक चाचणी करा. काठाजवळ, पण पाय टेकणार नाहीत एवढ्या पाण्यात, प्रत्येकाने आपली कयाक मुद्दाम उलटवायची आणि पुन्हा तिच्यात चढून बसायचे. एकदा सोबत्याच्या मदतीने, एकदा एकट्याने. पाचेक मिनिटांत हे जमत नसेल, तर तुमचा सगळा प्रवास काठापासून पन्नासेक मीटरच्या आत व्हायला हवा. जमत असेल, तर पुढच्या गोष्टींना अर्थ आहे. पोहता येते हे चांगलेच, पण तलावावर त्याचा भरवसा कमी धरा. रिकामी कयाक वाऱ्यासोबत माणसाच्या पोहण्यापेक्षा जोरात पळते, आणि गार पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचे हातही काही मिनिटांत साथ सोडतात.

अंतराचा हिशोब सोपा आहे. शांत पाण्यात नवशिक्याचा वेग ताशी 4 ते 5 किलोमीटर पडतो. थांबे धरून दिवसाला 12 ते 15 किलोमीटर पुष्कळ झाले. पण तोंडावर ताशी 20 किलोमीटरचा वारा आला की हाच वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो, आणि वल्हे थांबवताच बोट मागे सरकायला लागते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून 10 चा वारा आणि 20 चा वारा यांत अनुभवाने जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. नकाशावर या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेघ मारू नका. काठाकाठाने जाणारा मार्ग आखा, दर किलोमीटरभर अंतरावर बोट लावता येईल अशी जागा हेरून ठेवा, आणि तलाव ओलांडायचाच असेल तर सर्वांत अरुंद जागी, पहाटेच्या स्थिर हवेत ओलांडा. उभे कडे सरळ पाण्यात उतरलेले असतील तिथे उतरायला जागा तर नसतेच, वर कड्यावर आपटून मागे फिरणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांत मिसळून पाणी वेडेवाकडे उसळते. असा पट्टा वारा सुटण्याआधीच मागे टाकायचा.

आता बोट. भाड्याने सहसा तीन प्रकार मिळतात. सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर बसायची कयाक: आलेले पाणी तळातल्या आरपार भोकांतून आपोआप निघून जाते आणि उलटली तर चढणे सर्वांत सोपे. पण दिवसभर बूड ओले राहते, वारा जास्त लागतो, वेग कमी. दुसरी, आत बसायची छोटी हौशी कयाक, 9 ते 11 फूट लांब, रुंद आणि मोठ्या तोंडाची. बसल्याबरोबर ती फार स्थिर वाटते आणि म्हणूनच लोक तिच्यावर भाळतात. मोठ्या तलावासाठी मी हीच सर्वांत शेवटी निवडेन. तिच्यात बहुधा आडवे पडदे, म्हणजे बल्कहेड नसतात, किंवा एकच असतो. भरली की आत दोनशे लिटर पाणी सहज मावते, म्हणजे दोनशे किलो, आणि ते खोल पाण्यात उपसून काढणे जवळपास अशक्य. घ्यावीच लागली तर पुढच्या-मागच्या टोकांत हवेच्या पिशव्या घट्ट बांधून घ्या, म्हणजे पाण्याला जागाच उरणार नाही. तिसरी, टूरिंग कयाक: 14 फूट किंवा अधिक लांब, 60 सेंटिमीटरच्या आसपास रुंद, पुढे-मागे बल्कहेड आणि झाकणबंद कप्पे. पहिला अर्धा तास डुगडुगते, पण लाटांत तीच शहाण्यासारखी वागते.

पाणी कोमट असेल तर 12 फूट किंवा त्याहून लांब सिट-ऑन-टॉप, पाणी गार असेल तर टूरिंग, असा माझा कौल. चौघांसाठी एक दुहेरी आणि दोन एकेरी बोटी ही जुळणी चांगली. दमलेल्या माणसाला दुहेरीच्या पुढच्या जागेवर बसवता येते, आणि मागचा माणूस बोट रेटत राहतो. हवा भरायच्या कयाक नेण्याआणण्यास सोयीच्या, पण हलक्या आणि उंच असल्याने वारा त्यांना पाचोळ्यासारखा उडवतो. खाडीसारख्या बंद कोपऱ्यात ठीक, तलाव ओलांडायला नकोत.

बोट ताब्यात घेताना टोकाजवळचे पाणी काढायचे बूच घट्ट आहे का, कप्प्यांची झाकणे सगळीकडून बसतात का, हे हात लावून पाहा. सिट-ऑन-टॉप बुडत नाही असा समज आहे, पण बूच विसरले किंवा झाकण सैल राहिले की तिच्या पोकळ अंगात नकळत पाणी साचते. बोट जड वाटू लागते, एका बाजूला कलली की आतले पाणी त्याच बाजूला धावते आणि अखेर तेच तिला उलटवते. कारण नसताना बोट सुस्त झाली तर आधी काठ गाठा आणि बूच उघडा.

पाय ठेवायचे खुंट असे लावा की गुडघे किंचित वाकून मांड्या किंवा गुडघे बोटीच्या आतल्या बाजूला टेकतील. खुंट फार जवळ घेतले तर तासाभरात पाय बधिर होतात, फार लांब गेले तर पाठ बाकावर रेलते आणि सगळे वल्हवणे हातांवर येते.

वल्ह्याची लांबी बोटीच्या रुंदीवर ठरते: 60 सेंटिमीटरच्या बोटीला 210 ते 220 सेंटिमीटर, 75 च्या आसपासच्या बोटीला 230 ते 240. धरताना वल्हे डोक्यावर आडवे ठेवा. कोपर काटकोनात आले की हातांची जागा मिळाली. पात्याची खोलगट बाजू स्वतःकडे, आणि पाते असमान असेल तर लांब कड वर. उलटे धरलेले वल्हे चालते, फक्त दर फटक्याला थोडे थोडे वाया जाते, आणि दुपारपर्यंत खांदे ते सांगतात.

पुढे जाण्याचा फटका हातांनी मारायचा नसतो. धड वळवा, पाते पायाच्या बोटांच्या रेषेत पूर्ण बुडवा, त्याच बाजूच्या पायाने खुंट दाबा आणि धड सरळ होऊ द्या. पाते कंबरेशी आले की बाहेर. कंबरेच्या मागे खेचत राहिलात तर पाते पाणी वर उचलते, बोट प्रत्येक वेळी तोंड फिरवते आणि पुढे काही जात नाही. वल्हे सैल धरा, दांडा ढकलताना बोटे उघडली तरी चालतील. मनगट दुखण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे भीतीने आवळलेली मूठ. याशिवाय तीन गोष्टी शिका: टोकापासून मागेपर्यंत मोठा अर्धगोल काढून बोट वळवणे, उलटे फटके मारून चार फटक्यांत थांबणे, आणि कललेल्या बाजूला पात्याची पाठ पाण्यावर थापटून तोल सावरणे. बाजूला सरकण्याचे फटके नंतर शिकता येतील.

लाइफ जॅकेट घालून, बंद आवळून, सोबत्याला खांद्याच्या पट्ट्या धरून जोरात वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर गेले तर माप चुकले. कयाकसाठी 50 न्यूटन उत्प्लावकतेचे, काख मोकळी ठेवणारे जॅकेट वापरतात. ते शुद्धीवरच्या माणसाला तरंगवते, बेशुद्ध माणसाचे तोंड वर ठेवण्याची हमी देत नाही. जॅकेट बोटीला बांधून ठेवणे म्हणजे न घालणेच, कारण पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवणे कोरड्यावर वाटते त्याच्या दसपट अवघड.

आता वारा. डोंगरातल्या तलावावर त्याला वेळापत्रक असते. ऊन चढले की उतार तापतात, हवा वर उठते आणि दुपारी दरीतून वरच्या दिशेने वारा सुटतो. संध्याकाळी तो पडतो आणि रात्री गार हवा उलट खाली वाहते. इटलीतल्या गार्डा सरोवरावर हे इतके नेमाने होते की दोन्ही वाऱ्यांना नावे आहेत: रात्रीपासून सकाळपर्यंत उत्तरेकडून पेलेर, दुपारपासून दक्षिणेकडून ओरा. तुमच्या तलावाचे वेळापत्रक तिथल्या होडीवाल्यांना नक्की माहीत असते. निघण्याच्या आदल्या दिवशी विचारा आणि त्यांचे ऐका. मोबाइलवरचा अंदाज अनेकदा दूरच्या सपाट जागेचा असतो, तर तलावाच्या अरुंद गळ्यात वारा दाबला जाऊन वाढतो. अंदाज पाहताना सरासरी वेग सोडून झोतांचा आकडा पाहा. झोत ताशी 15 किलोमीटरच्या वर दाखवत असतील तर पहिल्या सहलीसाठी तो दिवस सोडून द्या.

डोळ्यांनी ओळखायचे तर लाटांचे पांढरे तुरे पाहा. ब्युफोर्ट मापनात, म्हणजे वाऱ्याचा जोर अंकांत सांगणाऱ्या पट्टीवर, 3 ला, म्हणजे ताशी 12 ते 19 किलोमीटरला, तुरळक तुरे दिसतात. 4 ला, म्हणजे 20 ते 28 ला, सगळीकडे. तुरळक तुरे दिसले की काठाला लागा, सगळीकडे दिसेपर्यंत थांबू नका. इथे एक फसगत ठरलेली असते. वारा तुमच्या पाठीमागच्या डोंगरावरून येत असेल तर तुमच्याकडचा काठ आडोशाला असतो आणि पाणी आरशासारखे दिसते. लाटा मोठ्या व्हायला वाऱ्याला मोकळे पाणी लागते, ते मधोमध आणि पलीकडे मिळते. शिवाय मागून पाहिल्यावर लाटांच्या पाठीच दिसतात, त्या लहान वाटतात. पाठीवर वारा घेऊन गप्पा मारत अर्धा तास गेलात की परत वळल्यावर खरे पाणी दिसते. शक्य असेल तेव्हा जाताना वारा तोंडावर घ्या, म्हणजे दमल्यावर तो पाठीशी राहील.

आडव्या वाऱ्यात कयाक आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवते, कारण चालत्या बोटीचे पुढचे टोक पाण्यात घट्ट रुतते आणि मागचे घसरते. बोटीला स्केग, म्हणजे मागच्या भागात तळाखाली सोडता येणारे छोटे पाते, असेल तर तो थोडा खाली सोडा. नसेल तर वाऱ्याच्या बाजूला रुंद फटके मारा आणि सामान किंचित मागे सरकवा. लाटा बाजूने येत असतील तर कंबर सैल सोडा, बोट खालून डोलू द्या. अंग ताठ केले की तोल जातो. मागून येणारी लाट बोटीचे शेपूट फिरवून तिला आडवी करू पाहते. तेव्हा वल्हे पाण्याबाहेर धरून बसू नका, फटके चालू असले की तोल टिकतो.

गार पाण्याबद्दल मात्र कुठलीही सवलत देऊ नका. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने ओढून नेते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी अतिशय थंड पाण्यासाठी 1-10-1 हा हिशोब रूढ केला: श्वास ताब्यात यायला 1 मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती 10 मिनिटे, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण 1 तास. म्हणजे जीव बहुतेक वेळा गारठून मरण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या मिनिटाच्या धापेत तोंडात पाणी जाऊन किंवा हात चालेनासे होऊन जातो. धापेचा धक्का 15 अंशांखाली जोरदार असतो, त्यासाठी बर्फाची गरज नसते. पाण्यात पडलात की पहिले मिनिट काहीही करू नका, बोट धरा, तोंड वर ठेवा, श्वास सावकाश होऊ द्या. मग दहा मिनिटांत बोटीत चढायचे आहे.

त्यामुळे कपडे हवेच्या मानाने घालू नका, पाण्याच्या मानाने घाला. वसंतातला उबदार दिवस सर्वांत धोक्याचा, कारण हवा 25 अंश आणि पाणी 8 असू शकते. थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडा; 15 च्या खाली असेल तर वेटसूट (अंगाला चिकटून ऊब धरणारा रबरी पोशाख) किंवा ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा पोशाख) याशिवाय निघू नका. सुती कपडे नकोत. उन्हाळ्यातही खोल तलावात कोमट थर वरचेवरच असतो. दिवसभर वारा वाहिला की हा थर ढकलला जाऊन समोरच्या काठाला गोळा होतो आणि वारा ज्या काठाकडून येतो तिथे खालचे गार पाणी वर येते. काल पोहायला छान होते तिथे आज पाणी झोंबले, तर त्यामागे हेच असते.

आता ती चाचणी, टूरिंग कयाकसाठी. स्प्रे स्कर्ट, म्हणजे कंबरेभोवती घालून बैठकीच्या तोंडावर ताणून बसवायचे पाणी अडवणारे आवरण, लावला असेल तर उलटल्यावर पुढे वाका, समोरचा फास आधी पुढे मग वर खेचा, दोन्ही हातांनी काठ ढकलून बाहेर या. फास बाहेरच्या बाजूला राहिला आहे ना, हे निघताना सोबत्याने पाहायचे. आत दबलेला फास हीच स्कर्टची एकमेव खरी भीती. बाहेर आल्यावर बोट आणि वल्हे सोडायचे नाही, आणि लाटा असतील तर बोटीच्या वाऱ्याकडच्या बाजूला राहायचे, नाहीतर ती अंगावर येते.

सोबती उलटलेल्या बोटीच्या पुढच्या टोकाशी येतो. ती उलटीच असताना टोक उचलून स्वतःच्या बोटीवर आडवे ओढतो. पाणी खाली ओघळते. मग ती सुलटी करून पाण्यात सोडतो आणि आपल्या बोटीशेजारी समांतर आणतो, एकीचे पुढचे टोक दुसरीच्या मागच्या टोकाकडे. तिच्या बैठकीचा काठ दोन्ही हातांनी धरून तो तिच्यावर पूर्ण भार टाकतो. इथे भित्रेपणा नको, दोन बोटी मिळून तराफा होतो आणि तो उलटत नाही. पाण्यातला माणूस बैठकीच्या मागे पालथा चढतो, डोके मागच्या टोकाकडे, पाय आत सरकवतो, आणि तोंड सोबत्याकडे ठेवत वळून बसतो. उरलेले पाणी हातपंपाने काढेपर्यंत सोबत्याने बोट सोडायची नाही. पाणी हिंदकळणारी बोट लगेच पुन्हा उलटते, आणि दुसऱ्यांदा चढायला ताकद निम्मीही नसते.

बहुतेक जण चढताना एकच चूक करतात: पाण्यात उभे राहून स्वतःला वर ओढतात. पाय बोटीखाली जातात आणि बोट अंगावर येते. आधी पाय मारत अंग पाण्याच्या पातळीवर आडवे आणा, मग बोट स्वतःच्या पोटाखाली ओढून घ्या. सिट-ऑन-टॉपला हेच पुरते: पोट, मग बूड, मग पाय. हातांत बळ कमी असेल तर दोरीचा मोठा फास बैठकीच्या काठाभोवती अडकवून पायरीसारखा वापरा. एकट्यासाठी पॅडल फ्लोट घ्या, म्हणजे वल्ह्याच्या एका पात्यावर चढवायची हवेची पिशवी. दुसरे टोक बैठकीमागे आडवे दाबले की वल्हे आधार देते. हे काठाजवळ शिकलेले नसेल तर लाटांत जमत नाही.

गटासाठी एक सुटे वल्हे, प्रत्येक बोटीत पंप, प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी (तीन फुंकरा म्हणजे मदत), एक ओढायची दोरी 15 मीटरची, कंबरेवरून झटक्यात सुटणारी, आणि दोरी आहे म्हणून सुरीही. फोन जलरोधक पिशवीत अंगावर ठेवा, बोटीत नको. बोट वाहून गेली तर फोनही जाईल. काठावरच्या कुणाला तरी मार्ग, बोटींचे रंग आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत बोलवायची ते लिहून द्या. सर्वांत हळू माणूस पुढे, बाकी हाकेच्या अंतरात.

सामान: जड वस्तू तळाशी, बैठकीच्या जवळ. ड्राय बॅगचे तोंड हवा काढून किमान तीन वेळा गुंडाळा. बोटीची सांगितलेली क्षमता 150 किलो असेल तर स्वतःसकट 100 च्या आसपास थांबा. बैठकीमागच्या सपाट भागावर उंच काही बांधू नका, तिथूनच परत चढायचे असते.

मेघगर्जना ऐकू आली की काठ गाठा. वीज आणि आवाज यांत 30 सेकंदांहून कमी अंतर म्हणजे वीज 10 किलोमीटरच्या आत. शेवटच्या गर्जनेनंतर 30 मिनिटे पाण्यात उतरायचे नाही. तलाव धरणाचा असेल तर सांडवा आणि पाणी खेचणाऱ्या मनोऱ्याजवळच्या तरंगत्या खुणा ओलांडू नका. पातळी उतरलेली असेल तर बुडालेल्या झाडांचे बुंधे पृष्ठभागाखाली बोटभर दडलेले असतात. मोटरबोटीचा चालक तुम्हाला पाहतो असे कधीच धरू नका. तिची लाट थोडी तिरकी घ्या. पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखा थर असेल तर ते विषारी नील-हरित शैवाल असू शकते, आणि हे विष उकळून जात नाही. तिथे पोहायचे नाही, ते पाणी प्यायचे नाही.

मुक्कामी बोटी पाण्यापासून चांगल्या वर ओढा आणि झाडाला बांधा. वारा थांबल्यावर मोठ्या तलावाचे पाणी परातीतल्या पाण्यासारखे झुलते, काठाची पातळी रात्रीत वरखाली होते, शिवाय रिकामी बोट उडून जायला एक झोत पुरतो. तंबू, भांडी घासणे, शौच सगळे पाण्यापासून 60 मीटर लांब. शौचासाठी 15 ते 20 सेंटिमीटरचा खड्डा. काठाच्या लव्हाळ्यात पक्षी अंडी घालतात, तिथे बोट घुसवू नका. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघा आणि अकराच्या आत पोहोचा, दुपारचा वारा कालच पाहिलेला असेल. तरी सुटलाच, तर काठाला लागून संध्याकाळपर्यंत झोप काढा. एका दिवसाचे जास्तीचे अन्न सोबत घ्यायचे ते याचसाठी.

परतल्यावर बोट दुसऱ्या तलावात नेणार असाल तर चिखल आणि पाणवनस्पती खरवडून काढा, आतले सगळे पाणी ओता, आणि किमान पाच दिवस पूर्ण वाळू द्या. झेब्रा शिंपले म्हणजे नव्या तलावात झपाट्याने पसरणारे उपद्रवी शिंपले; त्यांच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि पंपात उरलेल्या घोटभर पाण्यातूनही पुढच्या तलावात पोहोचतात. गाडीच्या टपावर प्लास्टिकची बोट उन्हात फार आवळू नका, तळाला पोक येतो. पट्ट्यांना एक पीळ द्या, म्हणजे वाटेत त्या घोंघावणार नाहीत.